मॅच संपली, आता घरी जायचं कसं?

पोस्ट मोठी आहे. क्रिकेटशी ज्यांना देणंघेणं नाही त्यांनीही वाचा, कारण विषय क्रिकेटचा कमी आणि आपल्याला गृहीत धरण्याचा जास्त आहे.

मागे एकदा मी, बायको, मुलगा आणि भाचा असे चौघे रात्रीची मॅच बघायला गेलो होतो. मैदानाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला एका मैदानाशी भांडायचं नाही. खर्च मात्र घरी आल्यावर वहीत लिहिला होता, तो देतो. चार तिकिटं, सगळ्यात स्वस्त स्टँडची, ४,८०० रुपये. गाडीचं डिझेल आणि टोल ९००. पार्किंग ३००. आत पाणी, वडापाव, पॉपकॉर्न मिळून १,१००. एकूण ७,१००. भोरसारख्या गावात एका मध्यम घराचा महिन्याचा किराणा आहे हा.

पैशाचं एक वेळ सोडा. पार्किंग म्हणजे नांगरलेलं शेत. पावती नाही, दिवा नाही, माणूस पैसे घेऊन गायब. तिथून गेटपर्यंत पाऊण तास पायपीट. परतीला हे सगळं अंधारात करावं लागेल, गाडी शेतातून निघायलाच दोन तास लागतील, म्हणून आजूबाजूचे अनुभवी लोक सोळाव्या ओव्हरलाच उठायला लागले. आम्हीही उठलो. शेवटच्या चार ओव्हर माझ्या मुलानं मोबाईलच्या स्क्रीनवर बघितल्या, शेताच्या बांधावरून चालताना. मागे मैदानात आरडाओरडा झाला की आम्ही थांबायचो आणि मग वीस-पंचवीस सेकंदांनी मोबाईलवर कळायचं की सिक्स गेला.

भाचा बारा वर्षांचा आहे. तो गाडीत म्हणाला, "मामा, घरीच बघितली असती तर पूर्ण बघितली असती."

त्याला काय उत्तर द्यायचं? तेव्हापासून हे डोक्यात आहे, म्हणून आज लिहितोय.

आधी असं नव्हतं

२९ फेब्रुवारी १९९६. पुण्याचं नेहरू स्टेडियम. वर्ल्ड कपमध्ये केनियानं वेस्ट इंडिजला हरवलं. केनिया १६६, वेस्ट इंडिज सर्वबाद ९३. ब्रायन लारा ८ धावांवर विकेटकीपरकडे झेल देऊन गेला. क्रिकेटच्या इतिहासातला एवढा मोठा धक्का, आणि तो बसला कुठे, तर स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून चालत दहा मिनिटांवर.

मी तेव्हा नववीत होतो. आमच्या आळीतले दोघंजण सकाळच्या एसटीनं गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले. त्यांनी पुढची पाच वर्षं ती मॅच आम्हाला ऐकवली, दर वेळी थोडं मीठमसाला वाढवून. त्यांच्याकडे ना गाडी होती, ना पुण्यात कुणी नातेवाईक. लाल डब्याचं तिकीट आणि मॅचचं तिकीट, एवढ्यावर भागलं. स्वारगेटला उतरायचं, सारसबागेच्या बाजूनं चालत जायचं, मॅच बघायची, परत स्वारगेटला यायचं. भोर, सासवड, वाई, फलटण, सातारा, सगळ्यांना ते मैदान आपलंच वाटायचं, कारण आपली एसटी तिथं जायची.

मग २०१२ मध्ये गहुंजेचं स्टेडियम सुरू झालं. मैदान देखणं आहे, त्याबद्दल वाद नाही. जवळपास चाळीस हजार माणसं बसतात. आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्वारगेटहून उठून मावळ तालुक्यात, एक्स्प्रेस वेच्या कडेला गेलं. शिवाजीनगरहून वीस-पंचवीस किलोमीटर.

आता गंमत बघा. सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रो स्वारगेटपर्यंत आली. म्हणजे जिथून क्रिकेट गेलं तिथं मेट्रो आली, आणि जिथं क्रिकेट गेलं तिथं मेट्रो नाही. निगडीपर्यंतचं काम चालू आहे, पण निगडी म्हणजे गहुंजे नव्हे. मधले कित्येक किलोमीटर पुन्हा रिक्षावाल्याच्या मर्जीवर.

भोरहून गहुंजेला जाऊन दाखवा

स्वतःची गाडी नसलेल्या माणसानं भोरहून गहुंजेला कसं जायचं, हे कागदावर मांडतो. एसटीनं स्वारगेट. तिथून मेट्रोनं शिवाजीनगर किंवा थेट पिंपरी. शिवाजीनगरला उतरलात तर लोणावळा लोकल पकडून देहूरोड किंवा बेगडेवाडी. पिंपरीला गेलात तर बसनं निगडी, देहूरोड. पुढे रिक्षा किंवा पाय. चार वाहनं बदलायची. मॅचच्या दिवशी पीएमपी मनपा, निगडी, कात्रज अशा ठिकाणांहून खास बस सोडते, त्याचं श्रेय द्यायला हवं. पण त्या बस पुणे आणि पिंपरी-चिंचवडकरांसाठी आहेत. रात्री अकरा-साडेअकराला मॅच संपल्यावर कात्रजला किंवा स्वारगेटला पोहोचलेल्या माणसाला भोरची गाडी कुठून मिळणार? तो स्टँडवर झोपणार.

दुचाकीवाल्यांची वेगळीच कथा. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे ज्या रस्त्याच्या कडेला स्टेडियम बांधलं, तो रस्ताच बहुसंख्य तरुण प्रेक्षकांना वापरता येत नाही. त्यांनी जुन्या हायवेनं, मामुर्डीच्या बाजूनं, अरुंद रस्त्यांतून यायचं. आणि त्या गावांतल्या लोकांनी मॅचच्या दिवशी स्वतःच्या घरी जायला तासभर खोळंबायचं. त्यांनी काय पाप केलंय?

जागा निवडली तेव्हा डोळ्यांसमोर प्रेक्षक कोण होता, हे यातून कळतं. मुंबईहून किंवा पुण्याहून चारचाकीतून येणारा. त्याच्यासाठी जागा उत्तम आहे. बाकीच्यांनी आपलं आपण बघावं.

वानखेडेवर पार्किंग नाही, तरी मैदान भरतं

काही जण लगेच म्हणतील की एवढी गर्दी म्हटल्यावर हाल होणारच. साफ खोटं.

वानखेडे बघा. तेहतीस हजारांच्या आसपास क्षमता. सर्वसामान्य प्रेक्षकाला तिथं पार्किंग नावाचा प्रकारच नाही. तरी मैदान खचाखच भरतं आणि रिकामंही होतं, कारण चर्चगेट आणि मरीन लाइन्स ही दोन स्टेशनं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. विरारचा पोरगा मॅच बघतो आणि लोकलनं घरी जातो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचं तेच, जवळ हार्बर लाइन आहे. २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून वर्ल्ड कप जिंकला तो तिथंच. मध्यरात्रीच्या सुमारापर्यंत चाललेली मॅच. आपल्या मुलींना मैदानावर घेऊन येणाऱ्या आईबापाला परतीची खात्री लागते, आणि ती रेल्वे स्टेशन जवळ असेल तिथं वाटते. माझी बहीण भाच्याबरोबर त्या दिवशी आमच्यासोबत का आली नाही? "रात्री किती वाजता आणि कुठून परत येणार ते आधी सांग," एवढंच तिनं विचारलं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चेन्नईत २०२३ च्या आयपीएलपासून मॅचचं तिकीट हेच मेट्रोचं तिकीट. चेपॉकला जायला-यायला वेगळे पैसे नाहीत. अहमदाबादला मोटेरा मेट्रो स्टेशन स्टेडियमच्या शेजारी आहे आणि मॅचच्या दिवशी मेट्रो उशिरापर्यंत चालते. दिल्लीतही मेट्रो शेवटची गाडी पुढे ढकलते. आपल्याच नागपूरचं जामठा गहुंजेसारखंच शहराबाहेर, वर्धा रोडवर आहे, पण तिथंही मॅचसाठी मेट्रो उशिरापर्यंत चालवलेली आहे. म्हणजे जमतं. जिथं कुणाला तरी जमवायचं असतं तिथं जमतं.

अमेरिकेचं उदाहरण दिलं की लोक चिडतात, पण थोडक्यात देतो. तिकडे बेसबॉलचं वेड आपल्या क्रिकेटसारखंच. न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमला भुयारी रेल्वेचं स्टेशन दारात आहे, स्टेशनच्या नावातच स्टेडियम आहे. उलट अटलांटाची टीम २०१७ मध्ये शहरातलं मैदान सोडून शेजारच्या काउंटीत गेली. तिथं रेल्वे जात नाही. आणि त्या नव्या मैदानासाठी काउंटीच्या करदात्यांचे सुमारे ३० कोटी डॉलर लागले. म्हणजे ज्याला गाडी परवडत नाही त्याच्याही कराच्या पैशातून, त्याला पोहोचता येणार नाही असं मैदान. श्रीमंत देशातही हेच होतं. रोग इथला एकट्याचा नाही, पण औषध कुणी घ्यायचं ते आपणच ठरवायचंय.

पैसे कोण घेतं आणि कोण भरतं

आयपीएलच्या तिकिटावर २८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. कॅसिनो आणि घोड्यांच्या शर्यतींच्या रांगेत नेऊन बसवलं आपल्याला. हजार रुपयांच्या तिकिटावर चारशे रुपये सरकारला. ठीक आहे, घ्या. पण ते चारशे घेऊन रात्री साडेअकराला एक बस देता येत नाही?

दुसरीकडे २०२३ मध्ये राज्य सरकारनं क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे दर कमी केले. तेही २०११ पासून, मागच्या तारखेनं! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयानं सरकारला खडसावलं. विचार करा. तुमच्या घरपट्टीवर एक महिना उशीर झाला तर दंड लागतो. आणि जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाच्या सामन्यांना मागच्या तारखेनं सूट.

हे प्रश्न मोठ्या आवाजात का विचारले जात नाहीत? शरद पवार बीसीसीआयचे आणि आयसीसीचे अध्यक्ष होते. आशिष शेलार बीसीसीआयचे खजिनदार होते. रोहित पवार महाराष्ट्र असोसिएशनचे अध्यक्ष झाले. निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडणारे पक्ष क्रिकेट संघटनेत शेजारी शेजारी खुर्च्या टाकून बसतात. बसू देत. पण मग प्रेक्षकाच्या बाजूची खुर्ची कुणाची?

आणि प्रेक्षकाची किंमत किती, हे २०११ च्या वर्ल्ड कप फायनलला कळलं होतं. वानखेडेची तेहतीस हजारांची क्षमता, त्यातली सर्वसामान्यांना विक्रीसाठी तिकिटं जेमतेम चार हजार. बाकीची क्लब, प्रायोजक, संघटना, पाहुणे. विशेष म्हणजे वानखेडे उभं राहिलं तेच सीसीआय आणि मुंबई असोसिएशन यांच्यातल्या तिकीटवाटपाच्या भांडणातून. भांडण कुणाला किती पास, याचं होतं. आपण त्या भांडणात कधीच नव्हतो.

पाणी

२४ ऑक्टोबर २०२४. गहुंजेत भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. ऑक्टोबरचं ऊन, बहुतेक स्टँडवर छप्पर नाही, बाटली आत नेऊ देत नाहीत, आणि आत प्यायला पाणी नाही. लोकांनी घोषणा दिल्या. असोसिएशननं माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच झालं. पण कसोटी क्रिकेटला प्रेक्षक येत नाहीत म्हणून गळे काढायचे, आणि जो येतो त्याला उन्हात तहानलेला ठेवायचा, याला काय म्हणावं?

सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये सिनेमागृहांबद्दल सांगितलं होतं की बाहेरचे पदार्थ अडवायचा मालकाला अधिकार आहे, पण प्यायचं पाणी मोफत द्यावं लागेल. तीन तास एसीत बसणाऱ्याला मोफत पाणी. सहा-सात तास उन्हात बसणाऱ्याला का नको?

गर्दी म्हणजे माणसं

४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा जण चेंगरून मेले. त्या दिवशी मॅचही नव्हती, विजयाचा जल्लोष होता. नंतर काय झालं? फ्रँचायझी, असोसिएशन, पोलीस, सरकार, प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. गेटच्या आतला माणूस आयोजकाचा, गेटच्या बाहेरचा कुणाचाच नाही, ही जी पद्धत पडली आहे ना, तिनं माणसं मरतात. मॅचला येणारा माणूस घरून निघाल्यापासून घरी पोहोचेपर्यंत प्रेक्षक असतो. अंधाऱ्या शेतातून लेकराचा हात धरून चालणारा बापसुद्धा प्रेक्षकच असतो.

"परवडत नसेल तर टीव्हीवर बघा," असं म्हणणारे कॉमेंटमध्ये येतीलच. त्यांना आताच सांगतो. टीव्हीवर बघतोच आम्ही. ज्या हक्कांचे हजारो कोटी मिळतात ते आमच्यासारख्यांच्या बघण्यामुळेच मिळतात. मैदानात वर्षा-दोन वर्षांतून एकदा पोराला न्यावं, खरी बॅट आणि खरा बॉल यांचा आवाज त्याला ऐकवावा, एवढीच हौस आहे. ती पण श्रीमंतांसाठी राखीव करायची असेल तर तिकिटावर तसं छापा.

दुसरे म्हणतील की शेतकरी पार्किंगचे पैसे घेतो तर तुझ्या पोटात का दुखतं? अजिबात दुखत नाही. त्याच्या जमिनीवरून जग चाललंय, त्यानं चार पैसे मिळवलेच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच की ग्रामपंचायतीनं त्याला रीतसर परवाना द्यावा, दर पाटीवर लिहावा, दिवे लावावेत. त्याचंही भलं, आपलंही.

आणि आपलंही चुकतं. पाच जणांच्या गाडीत एकटे जातो, रस्त्याच्या कडेला गाडी लावून मोकळे होतो, रिकाम्या बाटल्या लोकांच्या शेतात फेकतो. हेही लिहिणं भाग आहे.

मागायचं काय?

१. मॅचच्या तिकिटातच प्रवास. चेन्नईत होतं ते इथंही. पीएमपी आणि मेट्रोचं भाडं आयोजकानं भरावं.

२. मॅच संपल्यावर पुणे आणि लोणावळा दोन्ही बाजूंना जादा लोकल, आणि बेगडेवाडी-देहूरोड स्टेशनपासून मैदानापर्यंत सतत फिरणारी बस. रेल्वेलाइन काही किलोमीटरवर आहे. नवीन काही बांधायचं नाही.

३. स्वारगेटहून भोर, सातारा, बारामतीकडे मॅचच्या रात्री एसटीच्या जादा गाड्या, तिकीट काढतानाच बुकिंग.

४. पार्किंगचे दर आणि जागा आधी जाहीर. मैदानात मोफत पाणी.

५. प्रत्येक मॅचनंतर जाहीर करा: एकूण तिकिटं किती, सर्वसामान्यांना विकली किती, पोलीस बंदोबस्ताचे पैसे किती भरले.

हे अशक्य आहे असं मला कुणी सांगू नये. गहुंजेच्या शेजारी देहू आहे. दरवर्षी तिथून तुकोबांची पालखी निघते. लाखो माणसं, पायी, पावसात. रस्ते वळवले जातात, पाण्याचे टँकर उभे राहतात, दवाखाने उघडतात, आषाढीला एसटी हजारो जादा गाड्या सोडते. गावोगावचे लोक वारकऱ्याला पाणी देतात आणि हात जोडतात. तेच प्रशासन, तीच एसटी, तेच पोलीस. चाळीस हजार माणसांची एक रात्र यांना सांभाळता येत नाही, यावर माझा विश्वास नाही. वारकऱ्याकडे प्रशासन माणूस म्हणून बघतं. मॅचला जाणाऱ्याकडे फक्त पाकीट म्हणून बघितलं जातं.

वरचे पाच मुद्दे मी एका पानावर टाइप केलेत. पुढच्या आठवड्यात असोसिएशनला, पीएमपीला, एसटीच्या विभाग नियंत्रकांना आणि रेल्वेला पाठवतोय. ज्यांना सही करायची आहे त्यांनी कॉमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. मॅचला जाऊन आलेल्यांनी आपला खर्च आणि घरी पोहोचल्याची वेळ पण लिहा. भोर, वाई, सासवड, फलटण, कुठूनही. ती यादी पत्रासोबत जोडतो.

भाच्याला मी सांगितलंय की पुढच्या वेळी शेवटचा बॉल मैदानात बघू. त्यानं विचारलं, "मग घरी कधी येणार?"

त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे असायला हवं, त्यांच्यापर्यंत ही पोस्ट पोहोचवा.